शेलूचं पान नेरळच्या नावावर

शेलूत इमारत उभी राहते आणि तिची जाहिरात नेरळच्या नावाने होते. कधी कर्जतच्या नावाने, कधी थेट 'माथेरानच्या पायथ्याशी' अशी. यात खोटं काही नाही. बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत अशी ही स्टेशनं मुंबईहून लोकलने येताना एकापुढे एक लागतात. वांगणी ठाणे जिल्ह्यात. शेलू आलं की रायगड आणि कर्जत तालुका लागला. १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या छोट्या गाडीमुळे मुंबईच्या माणसाला नेरळ माहीत असतं, फार्महाउसांमुळे कर्जत माहीत असतं. शेलू माहीत असतं ते कर्जत लोकलने रोज जाणाऱ्याला. म्हणून घर विकणारा तिन्ही नावं घेतो, गिऱ्हाईक फोन करून बरोबर स्टेशनवर उतरतं, कुणाचं काही अडत नाही. वेबसाइटवर मात्र या तीन नावांचे तीन पत्ते होतात. माझं काम तिथून सुरू होतं.

मी एसईओचं, म्हणजे साइट शोधयंत्रात नीट सापडावी याचं काम करते, शेलूतूनच. आमच्या इमारतीत लोकांना वाटतं, गूगलवर साइट वर चढवण्याची काहीतरी युक्ती माझ्याकडे आहे. खरं तर माझा बराचसा दिवस पत्ते वाचण्यात जातो. कोणतं पान कोणत्या पत्त्यावर आहे, त्या पत्त्याकडे साइटवरून कुठून कुठून लिंक येते, आणि गूगलने त्यातलं काय खरं मानलं आहे, हे बघत बसायचं.

कर्जत-खालापूर पट्ट्यातली घरं, प्लॉट आणि भाड्याची फार्महाउस दाखवणारी एक साइट माझ्याकडे आली. मालक याच भागातले, वडिलांपासून जमिनी-घरांच्या व्यवहारात. त्यांना सगळे दादा म्हणतात, मीही म्हणते. त्यांची तक्रार साधी होती. "ताई, शेलूत एवढी घरं आपल्याकडे आहेत, पण शेलू टाकून शोधलं की आपलं शेलूचं पेज येतच नाही. आलंच तर नेरळचं येतं."

साइट उघडून बघितली. शेलूतली एकच इमारत तीन पत्त्यांवर होती: शेलूच्या विभागात, नेरळच्या विभागात आणि कर्जतच्या विभागात. फोटो तेच, मजकूर तोच, दर तेच. साइट बनवणाऱ्या आधीच्या डेव्हलपरने तिन्ही पानांवर कॅनॉनिकल टॅग लावला होता आणि तिन्ही ठिकाणी तो शेलूच्या पत्त्याकडे बोट दाखवत होता. म्हणजे टॅग अचूक होता. तरी गूगलने नेरळचा पत्ता धरला होता.

कॅनॉनिकल टॅग ही पानाच्या डोक्यात, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या भागात लिहायची एक ओळ. 'हाच मजकूर आणखी कुठे दिसला तरी मूळ पत्ता हा समजा,' असं ती शोधयंत्राला सांगते. फेब्रुवारी २००९मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून ती जाहीर केली. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणारे तिघे इथे एकत्र आले, कारण एकाच मजकुराच्या शेकडो पत्त्यांनी तिघेही बेजार झाले होते. पण गूगलने ही ओळ सुरुवातीपासून सूचना म्हणूनच धरली. सूचना वजनदार आहे, तरी हुकूम नाही. रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून आपोआप दुसऱ्याकडे नेणं), साइटमॅप (साइटने शोधयंत्राला दिलेली पत्त्यांची यादी), एचटीटीपीएस आहे की नाही, आतल्या लिंका कोणत्या पत्त्याकडे जातात, हे सगळं बघून मूळ पत्ता शेवटी गूगल स्वतः ठरवतं.

सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात एखादा पत्ता तपासायला टाकला की दोन ओळी दिसतात. यूजर-डिक्लेअर्ड कॅनॉनिकल, म्हणजे तुम्ही सांगितलेला पत्ता. गूगल-सिलेक्टेड कॅनॉनिकल, म्हणजे गूगलने मानलेला. या दोन ओळी माझ्या लेखी साइटच्या तब्येतीचा पहिला कागद आहेत. इथे वरच्या ओळीत शेलू होतं, खालच्या ओळीत नेरळ.

मग सगळी साइट क्रॉलरमधून, म्हणजे लिंकांमागून जात प्रत्येक पत्ता वाचणाऱ्या प्रोग्रॅममधून काढली. स्क्रीमिंग फ्रॉग या क्रॉलरची फुकटातली आवृत्ती पाचशे पत्त्यांपर्यंत चालते, छोट्या साइटला तेवढी पुरते. ही साइट फिल्टरच्या पत्त्यांमुळे त्यापलीकडे गेली होती. यादीत एक स्तंभ असतो, त्या पानाकडे साइटच्या आतून किती लिंका येतात त्याचा. शेलूच्या पत्त्यासमोर तो जवळजवळ रिकामा. नेरळच्या पत्त्यासमोर भरगच्च. मुख्य पानावरची कार्डं नेरळच्या पत्त्याला जोडलेली. फूटरमधली 'लोकप्रिय प्रकल्प' ही यादीही तशीच, म्हणजे साइटच्या प्रत्येक पानावरून एक लिंक नेरळला. पानाच्या वरती 'मुख्य पान, नेरळ, इमारतीचं नाव' अशी वाट दाखवणारी ओळ. माहितीपर लेखांत जिथे जिथे इमारतीचा उल्लेख, तिथे तिथे नेरळचाच पत्ता. साइटमॅपमध्येसुद्धा शेलूचा पत्ता नव्हता. रस्त्याच्या फाट्यावर पाटी एकीकडे बाण दाखवत असेल आणि गावातली सगळी माणसं दुसरीकडे हात करत असतील, तर नवखा माणूस गावकऱ्यांचंच ऐकणार. गूगलने तेच केलं होतं.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की टॅग लावणं पाच मिनिटांचं काम असतं, म्हणून ते आधी उरकलं जातं आणि पूर्ण झाल्यासारखं वाटतं. लिंका बदलणं हे खरं काम, आणि ते साइटभर पसरलेलं असतं. मेनू एकाने बनवलेला, फूटर दुसऱ्याने, लेख तिसऱ्याने लिहिलेले. प्रत्येकाने पत्ता कॉपी करताना आपल्या समोर ब्राउझरमध्ये जो होता तो उचललेला. नेरळच्या विभागातून आत गेलेल्याला नेरळचा पत्ता दिसला, त्याने तोच चिकटवला. यात कुणाचा आळस नाही. पत्ते तीन ठेवले की असं होणारच.

दादांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे शेलूची बिल्डिंग नेरळच्या यादीतून काढायची? नको हं. निम्मी चौकशी नेरळ म्हणूनच येते."

ही भीती मला फार ठिकाणी भेटते आणि ती निराधार आहे. यादीतून काहीच काढायचं नसतं. नेरळच्या पानावर ती इमारत दिसू दे, कर्जतच्याही दिसू दे, 'नेरळपासून एक स्टेशन अलीकडे' असं कार्डावर ठळक लिहू दे. फक्त कार्डावर बोट ठेवल्यावर माणूस पोचेल तो पत्ता एकच असू दे, शेलूचा. दुकान तीन रस्त्यांवरून दिसलं म्हणून ते तीन जागी बांधावं लागत नाही, असं दादाच मग म्हणाले आणि विषय मिटला.

लिंका सगळीकडे शेलूच्या पत्त्यावर वळवल्या. वाट दाखवणारी ओळ 'कर्जत तालुका, शेलू, इमारत' अशी केली, मग माणूस कुठूनही आलेला असो. साइटमॅपमध्ये फक्त मूळ पत्ते ठेवले. नेरळ-कर्जतचे जुने जोडपत्ते कुणालाच वापरायचे उरले नव्हते, म्हणून तिथे टॅगवर न थांबता कायमचा रीडायरेक्ट दिला. माझं मत इथे पक्कं आहे. ज्या पत्त्याची माणसाला गरज नाही तो जिवंत ठेवून त्यावर कॅनॉनिकल लावत बसू नये. हा टॅग कामाचा आहे तो दोन्ही पत्ते खरोखर लागतात तिथे. दादा व्हॉट्सअ‍ॅपवर जी लिंक पाठवतात तिच्यामागे कुठून चौकशी आली ते कळावं म्हणून एक शेपूट लावलेलं असतं. ते शेपूट हवंच, आणि तिथे कॅनॉनिकल आपलं काम चोख करतो. काही आठवड्यांनी कन्सोलच्या दोन्ही ओळींत शेलू आलं. गूगल जुने पत्ते आपल्या सवडीने पुन्हा वाचतं, आपण वाट बघायची.

फिल्टरचा भाग थोडक्यात सांगते. वन आरके, वन बीएचके, स्टेशनपासून चालत, दर चढता, दर उतरता, अशा प्रत्येक निवडीने नवा पत्ता तयार होत होता. त्या सगळ्यांवर मूळ यादीचा कॅनॉनिकल होता आणि वर रोबोट्स फाइलमध्ये ते पत्ते वाचायला बंदीही होती. या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत. पान वाचलंच नाही तर त्याच्यावरचा टॅग गूगलला दिसणार कसा? आणि वाचायला मोकळं ठेवलं तर टॅग असूनही ते प्रत्येक पत्ता उघडून बघणारच, कारण टॅग आत आहे. पूर्वी सर्च कन्सोलमध्ये अशा पॅरामीटरसाठी वेगळं साधन होतं, गूगलने ते २०२२मध्ये बंद केलं. मग उपाय पुन्हा लिंकांपाशीच येतो. दर चढता-उतरता यासाठी क्रॉल होईल अशी लिंक बनवायचीच कशाला? तो पानावरच्या पानावर होणारा बदल आहे. 'शेलूतले वन बीएचके' हे मात्र लोक खरोखर शोधतात, त्याला स्वतःचं पान, स्वतःचा कॅनॉनिकल आणि मेनूतून लिंक दिली.

या साइटवर माझ्या मनाला जे सगळ्यात जास्त लागलं ते फार्महाउसच्या यादीत होतं.

शेलूपलीकडच्या वाडीतल्या एका मावशींचं घर या यादीत आहे. त्याला फार्महाउस म्हणणं जरा मोठंच. दोन खोल्या, पडवी, मागे आंब्याची झाडं, पावसात समोर भाताची खाचरं. शनिवार-रविवारी एखादं कुटुंब राहायला येतं, मावशी तांदळाची भाकरी आणि सुक्या मासळीचं कालवण करून घालतात. फोटो त्यांच्या पुतण्याने काढलेले. भाजी घ्यायला भेटल्या की विचारायच्या, "आमचं घर तुमच्या त्या कंप्यूटरात दिसतं ना गं?" साइटवर ते होतं. गूगलमध्ये नव्हतं.

यादी पानापानांनी विभागलेली होती. पहिल्या पानावर पोहण्याचा तलाव असलेले मोठे बंगले, मावशींचं घर पार मागच्या पानावर. आणि दुसऱ्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक पानावर कॅनॉनिकल पहिल्या पानाचा. लावणाऱ्याचा विचार असा असणार की यादी एकच आहे, तर गूगलला पहिलं पान दाखवलेलं पुरे. पण दुसऱ्या पानावर पहिल्या पानाची नक्कल नसते. तिथली घरं वेगळी असतात. गूगलने त्या टॅगवर विश्वास ठेवला तर दुसरं पान पहिल्यात विरघळतं, आणि मग हिशेबात येतात त्या मुख्यतः पहिल्या पानावरच्या लिंका. मागच्या पानांवरच्या घरांना साइटच्या आतून येणारी जी एकच वाट होती तीच अशी बेभरवशाची होते. मावशींच्या घराकडे दुसरीकडून कुठूनही लिंक नव्हती. ना लेखात, ना मेनूत, ना 'जवळची इतर घरं' या चौकटीत.

यातला त्रासाचा भाग असा की परिणाम सरसकट होत नाही. मजकूर वेगळा दिसला की गूगल बऱ्याचदा टॅग बाजूला ठेवतं. म्हणून मागच्या काही पानांवरची घरं सापडत होती, काही सापडत नव्हती, आणि दादांचा समज झाला होता की ज्यांचे फोटो चांगले त्यांचीच घरं येतात. मावशींच्या पुतण्याने त्यापायी फोटो पुन्हा काढून दिले होते. घराचे फोटो बरेच होते. वाट नव्हती.

गूगलचं स्वतःचं सांगणं इथे स्पष्ट आहे: यादीच्या प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल त्या-त्या पानाचाच असावा, पहिल्याचा नको. पानांची साखळी सांगणारे 'नेक्स्ट' आणि 'प्रीव्ह' हे टॅग आपण बऱ्याच काळापासून वापरतच नाही, हेही त्यांनी मार्च २०१९मध्ये सांगून टाकलं. मागे उरते ती साधी लिंक, एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणारी. आम्ही प्रत्येक पानाला स्वतःचा कॅनॉनिकल दिला. पण मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. मागच्या पानावरच्या घरापर्यंत पोचायला चार-पाच पानं उलटावी लागत असतील तर माणूसही जात नाही. म्हणून गावागावांची छोटी पानं केली: शेलूतली घरं, नेरळच्या आसपासची, भिवपुरीच्या बाजूची, खोपोलीकडची. प्रत्येक घराच्या पानावर जवळच्या तीन-चार घरांच्या लिंका दिल्या, त्यात मोठ्या बंगल्याच्या पानावरून मावशींच्या पडवीकडे जाणारीही एक. दादांनी आधी जरा का-कू केलं, बंगलेवाले पैसे जास्त देतात म्हणून. नंतर स्वतःच म्हणाले, "राहू दे. बंगला ज्याला परवडत नाही तो तिकडे तरी जाईल." मावशींचं घर आता शोधलं की येतं. त्यांना त्यातलं कॅनॉनिकल वगैरे काही सांगितलं नाही, फोन येतात एवढं त्यांना पुरेसं आहे.

एक गोष्ट मला फक्त मराठी साइटवर भेटली, म्हणून ती नीट सांगते. उल्हास नदीजवळच्या घरांसाठी 'नदीकिनाऱ्यालगत' असा विभाग होता. साइटच्या यादीत तो दोनदा दिसायचा. अक्षरन् अक्षर तेच, आणि दोन वेगळी पानं. अर्धी घरं एकात, अर्धी दुसऱ्यात. साइटचा आताचा डेव्हलपर म्हणाला, मॅडम, डुप्लिकेट आहे, कॅनॉनिकल लावून टाकतो. मी थांबवलं, कारण दोन्हींतली घरं वेगळी होती. एकाला गप्प केलं असतं तर त्यातल्या घरांच्या लिंकाही गेल्या असत्या.

क्रॉलरच्या यादीत मराठी पत्ते टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेल्या लांबलचक स्वरूपात दिसतात. दोन्ही पत्ते एकाखाली एक ठेवले तर एक दुसऱ्यापेक्षा नऊ खुणांनी लांब. फरक 'ऱ्या'मध्ये होता. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करणाऱ्याने ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून त्याला य जोडला होता. फोनवरच्या कीबोर्डने साधा र, हलन्त, मग जोड दाखवणारं एक अदृश्य चिन्ह आणि मग य असं लिहिलं होतं. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. डोळ्याला फरक दिसत नाही, यंत्राला ते दोन वेगळे शब्द. दऱ्या, वाऱ्या, शेतकऱ्यांची घरं, जिथे जिथे हा अर्धा र येतो तिथे हा धोका आहे, आणि आपल्या भाषेत तो किती ठिकाणी येतो! दोन्ही विभाग एकत्र केले, एक पत्ता ठेवला, दुसऱ्यावरून रीडायरेक्ट दिला आणि साइटला सांगून ठेवलं की पत्ता बनवताना हे दोन्ही प्रकार एकाच रूपात आणायचे. इंग्रजी पत्ते ठेवले असते तर हे झालं नसतं, असं डेव्हलपरचं म्हणणं. खरं आहे. पण मराठी पत्त्यावर मराठी माणसाचा विश्वास बसतो, आणि तो टिकवण्यासाठी एवढी मेहनत घ्यायला माझी हरकत नाही.

मराठीचंच आणखी एक. साइटला मराठी पानं होती, दादांच्या पुतणीने हौसेने लिहिलेली, आणि चांगली लिहिलेली. 'स्टेशनातून उतरून पुलाकडे तोंड केलं की' अशी वाट सांगणारी. त्या प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल इंग्रजी पानाकडे होता. कुणीतरी भाषांतराला नक्कल समजलं होतं. मजकुराची भाषा वेगळी असेल तर गूगल भाषांतराला नक्कल मानत नाही. दोन्ही पानांनी स्वतःचा कॅनॉनिकल ठेवायचा आणि एचरेफलँग या टॅगने एकमेकांची ओळख सांगायची, अशी रीत आहे. इथे मात्र मराठी पान स्वतःच म्हणत होतं की मला मोजू नका, ते इंग्रजी बघा. लिंकांचीही तीच गत. मराठी पानावरचा मेनू इंग्रजी पानांना जोडलेला, त्यामुळे मराठीत वाचायला आलेला माणूस दुसऱ्या टिचकीला इंग्रजीत जाऊन पडायचा. मराठी पानं एकमेकांना धरूनच नव्हती.

दादांना वाटत होतं, गिऱ्हाईक इंग्रजीतच शोधतं, कशाला एवढा खटाटोप. मी त्यांना आमच्याच स्टेशनवर बघायला सांगितलं. संध्याकाळच्या लोकलमधून उतरणारी कितीतरी माणसं फोन तोंडाजवळ धरून मराठीत बोलून शोधतात. घर घेणाऱ्यात तीही आहेत, आणि आयुष्याची कमाई घालून घर घेताना माणसाला आपल्या भाषेत वाचावंसं वाटतं. दादा यावर काही बोलले नाहीत, पुतणीला मात्र फोन केला.

मराठी पानांचे कॅनॉनिकल आता त्यांचे स्वतःचे आहेत. मराठी मेनू मराठी पानांना जोडला आहे, लेखांतल्या लिंकाही एकेक करून वळवल्या. शेलूच्या इमारतींची सगळी पानं झाली, फार्महाउसची बरीचशी. प्लॉटचं अजून व्हायचं आहे. सातबारा, बिगरशेती परवानगी, रस्त्याची रुंदी हे सगळं त्या पानांवर बिनचूक यायला हवं, म्हणून पुतणी वेळ घेते आहे आणि मी तिला घाई करत नाही. ती पानं लिहून होईपर्यंत मराठी मेनूत प्लॉटची लिंक ठेवलेली नाही.